खेळण्यांची वाटणी

दिवाळीची सुट्टी लागली की भिवपुरीच्या आसपासच्या अंगणांत कामं आपोआप वाटली जातात. मुलगे किल्ल्याला भिडतात, मुली रांगोळीला बसतात. भातकापणी उरकत आलेली असते, खाचरातली चिकणमाती हाताशी असते, ओढ्यात दगड हवे तेवढे. नमुन्यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. मान वर केली की एका अंगाला माथेरान-पेबची रांग, दुसऱ्या अंगाला ढाक-राजमाचीचा सह्याद्री. दगडांवर भिजवलेलं गोणपाट पसरून, वर माती लिंपून बुरूज उभे राहतात, उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरली जाते, पायथ्याला तळं होतं आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे आपापल्या जागा धरतात. बहीण मदतीला असते, पण बहुधा पाणी आणून द्यायला. तिकडे उंबऱ्यापाशी ती ठिपके मोजत बसली की तिच्या रांगोळीत भावाचं काम एवढंच, की पाय पडू द्यायचा नाही.

दोन्ही कामं डोक्याची आहेत. किल्ला करणाऱ्याला भार, उतार, पाण्याचा निचरा हाताने कळतो. ठिपक्यांची रांगोळी काढणारीला प्रमाण आणि सममिती बोटांतून कळते. मग दोघांनाही दोन्ही का मिळू नये? किल्ला करणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला विचारलं तर तो सरळ सांगतो, "रांगोळी पोरींची असते." हे कुणी सांगितलं ते त्याला आठवत नाही. आठवणार तरी कसं? कुणी एकाने, एके दिवशी सांगितलेली ती गोष्टच नसते. ती त्याने घरातून, दुकानातून, जत्रेतून आणि शेजाऱ्यांच्या हसण्यातून गोळा केलेली असते.

एक पंचक्रोशी, तीन बालपणं

मध्य रेल्वेच्या वाटेवर नेरळ आणि कर्जत यांच्यामध्ये भिवपुरी रोड स्टेशन लागतं. घाटमाथ्यावर ठोकरवाडी धरणात अडवलेलं पाणी मोठाल्या नळांतून खाली येतं आणि त्यावर पायथ्याचं टाटांचं वीजघर १९२२ पासून चालतं. त्याच्याभोवती वसलेल्या वस्तीला लोक आजही भिवपुरी कॅम्प म्हणतात. रेल्वेच्या अंगाला आता मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांच्या इमारती झाल्या आहेत. मधल्या पट्ट्यात कुणबी, आगरी, मराठा शेतकऱ्यांची गावं. डोंगराच्या कडेला ठाकर आणि कातकरी वाड्या.

खेळण्यांच्या बाबतीत इथे तीन वेगळी बालपणं शेजारी-शेजारी नांदतात. इमारतीतल्या घरात वाढदिवसाची खोकी येतात: मुलीला गुलाबी किचन सेट, मुलाला रिमोटवर धावणारी गाडी. गावातल्या घरात खेळणी येतात ती जत्रेतून, आठवडे बाजारातून किंवा कर्जत लोकलमधल्या फेरीवाल्याच्या पिशवीतून. प्लॅस्टिकची भांडी, डॉक्टरची पेटी, टिकल्यांचं पिस्तूल आणि अलीकडे सगळ्यांत मागणी असलेला पिवळा जेसीबी. त्यात नवल नाही. पनवेल-कर्जत नव्या मार्गासाठी डोंगर फोडले गेले, फार्महाउसांसाठी माळ सपाट झाले, ते या मुलांनी रोज पाहिलंय. पण तेच यंत्र मुलींनीही तेवढंच पाहिलंय. जेसीबी मात्र त्यांच्या वाट्याला येत नाही.

वाडीत विकतचं खेळणं क्वचित. सायकलचा जुना टायर आणि काठी, बांबूची नळी, गलोल, सागरगोटे, ओढ्याचं पाणी. टायर आणि गलोल मुलांकडे जास्त दिसतात, सागरगोटे मुलींकडे. तरी पावसाळ्यात ओढ्याला खेकडे आणि मासे धरायला सगळे एकत्र उतरतात, आणि तिथे मुलगी मागे नसते. त्या वाडीत वाटणी वेगळ्याच ठिकाणी होते. तिच्याकडे पुढे येतो.

पांगुळगाड्यानंतर

मराठी घरात तान्ह्या मुलाला आणि मुलीला वेगळं करायची रीत फार जुनी दिसत नाही, निदान कपड्यांपुरती तरी. टोपडं, कुंची, आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं दोघांना सारखंच. गुलाबी मुलीचं आणि निळं मुलाचं, हा हिशेब बाहेरून आणि अलीकडे आला. पहिलं मोठं खेळणंही दोघांचं एकच, पांगुळगाडा. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं आणि भातुकलीसोबत पांगुळगाडेही होतात. तो धरून मुलगा चालायला शिकतो तशीच मुलगीही.

पांगुळगाडा सुटला की वाटा फुटतात. मुलीच्या हाती भातुकली येते. पुण्याचे विलास करंदीकर यांनी भातुकलीच्या भांड्यांचा मोठा संग्रह केला आहे. जातं, पाटा-वरवंटा, खलबत्ता, बंब: जुन्या मराठी घराचा अख्खा संसार त्यात बोटभर आकारात उभा राहतो. कारागिरी पाहून जीव हरखतो. पण त्या वस्तू मुलीला पुढच्या आयुष्याचा पाठ देण्यासाठीही होत्या. आपल्याकडे चूल आणि मूल या दोन गोष्टींचा सराव वयाच्या चौथ्या वर्षी सुरू होई, आणि तो खेळ वाटावा इतका सुंदर केलेला असे.

आज हा निवाडा दुकानाच्या फळीवर होतो. खेळणी मागायला गेलात की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, "मुलगा की मुलगी?" वय दुसऱ्या क्रमांकावर. मुलाला काय आवडतं हा प्रश्न बहुधा येतच नाही. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाने काय घेतलं की ती वस्तू परत येत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

आवड कुठून येते?

इथे एक रास्त आक्षेप येतो. मुलांना गाड्या आवडतात, मुलींना बाहुल्या, हे निसर्गाचंच नसेल कशावरून? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. २००२ मध्ये गेरियान अलेक्झांडर आणि मेलिसा हाइन्स या संशोधिकांनी व्हर्व्हेट जातीच्या माकडांपुढे खेळणी ठेवली. नरांनी मोटार आणि चेंडू जास्त हाताळले, माद्यांनी बाहुली आणि भांडं. जन्माआधी पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव जास्त झालेल्या मुलींमध्येही गाड्या-ठोकळ्यांचा ओढा जास्त आढळतो. तेव्हा जन्मजात कल काहीच नाही, असं म्हणता येणार नाही.

पण कल असणं वेगळं आणि कुंपण घालणं वेगळं. १९७८ मध्ये कॅरोलाइन स्मिथ आणि बार्बरा लॉइड यांनी सहा महिन्यांची बाळं काही आयांच्या हाती दिली. बाळं त्यांची स्वतःची नव्हती. काही वेळा मुलाला मुलीचे आणि मुलीला मुलाचे कपडे घातलेले होते. कपड्यांवरून मुलगी वाटली तिच्यापुढे बाहुली आधी आली, मुलगा वाटला त्याच्यापुढे हातोडी. सहा महिन्यांच्या बाळाने काही मागितलेलं नव्हतं. निवड मोठ्यांनी केली होती.

दुसरा प्रयोग अंगणवाडीत काम करणाऱ्या प्रत्येकीने ऐकावा असा आहे. कॅरल मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लहान मुलांपुढे कधी न पाहिलेली, आकर्षक खेळणी ठेवली. "हे मुलींचं आहे" एवढं सांगताच तीच वस्तू मुलांना कमी आवडू लागली. "हे मुलांचं आहे" म्हटल्यावर मुलींचंही तेच झालं. वस्तू तीच होती, बदललं होतं फक्त तिच्याबद्दलचं एक वाक्य. बाळाची आवड म्हणून आपण जे पाहतो, त्यात आपल्याच शब्दांचा वाटा किती असतो हे यावरून ध्यानात यावं.

तिसरं उदाहरण आपल्या देशातलं. मेघालयात खासी आणि कार्बी समाज शेजारी-शेजारी राहतात. खासींमध्ये घर आणि जमीन मुलीकडे जाते, कार्बींमध्ये मुलाकडे. मोशे हॉफमन, उरी नीझी आणि जॉन लिस्ट यांनी दोन्हींकडच्या स्त्री-पुरुषांना चार तुकड्यांचं लाकडी कोडं जुळवायला दिलं. कार्बींत पुरुष स्पष्टपणे वेगवान ठरले. खासींत स्त्री-पुरुषांतला फरक जवळपास दिसला नाही. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तुकडे जुळवण्याची, आकार मनात फिरवून पाहण्याची ही बुद्धी सरावाने वाढते, आणि तिचा पहिला सराव ठोकळ्यांत, कोड्यांत, किल्ल्याच्या मातीत होतो. ज्या मुलीला हा सराव मिळत नाही तिला पुढे गणिताच्या तासाला "मुलींना यंत्रातलं काय कळतं" हे ऐकावं लागतं.

अंगणवाडीतली एक सकाळ

भिवपुरीजवळच्या एका अंगणवाडीत खेळण्यांची पेटी उघडली जाते ती पोषण आहाराआधी. भिंतीवर फळं, भाज्या आणि मुळाक्षरं, खाली चटई. पेटीत लाकडी ठोकळे, मणी, एक हात तुटलेली बाहुली, प्लॅस्टिकचा तवा-पोळपाट आणि कुणीतरी घरून आणून दिलेला चाक निखळलेला जेसीबी. पेटी उपडी झाली की पहिल्या क्षणी मुलं हाताला येईल ते उचलतात. जेसीबी एका मुलीच्या हाती लागतो आणि ती त्याच्या सोंडेने मणी भरू लागते. चार वर्षांचा एक मुलगा बाहुली उचलतो, ताईंची ओढणी मागून घेतो, तिची झोळी करून बाहुली खांद्याला लावतो आणि थोपटत फिरू लागतो. थोपटण्याची त्याची लय अचूक आहे. घरात कुणाला तरी तसं करताना त्याने नीट पाहिलेलं आहे.

मदतनीस हसून विचारते, "काय रे, आई झालास का तू?"

मुलगा थबकतो. हात थांबतो. बाहुली खाली ठेवावी की नाही, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

सेविका ताई भाजी निवडता निवडता म्हणतात, "आई कशाला, बाबा झालाय तो. बाबाला पोर निजवता येत नाही का?"

मुलगा पुन्हा थोपटू लागतो. दोन्ही वाक्यं प्रेमाने बोललेली, दोन्ही बायका मुलांवर जीव लावणाऱ्या. पण पहिल्या वाक्याने एक दार बंद होत होतं आणि दुसऱ्याने ते उघडं राहिलं. त्याला ना पैसा लागला, ना प्रशिक्षण. थोड्या वेळाने न्यायला आलेली त्याची आजी दारातूनच ओरडली, "पोरींच्यात काय बसलास रे, ऊठ!" त्या एका सकाळीत त्याच्या कानावर तीन मतं पडली. त्यांतलं कोणतं टिकेल हे त्याला रोज काय ऐकू येतं त्यावर ठरणार.

मुलगी जेसीबी चालवते तेव्हा मात्र कुणी हटकत नाही. फार तर "मुलासारखी आहे" असं कौतुक होतं. मुलगा बाहुली घेतो तेव्हा "बायल्या" हा शब्द तयार असतो. मुलाची वस्तू घेणारी मुलगी वर चढली असं मानतात आणि मुलीची वस्तू घेणारा मुलगा खाली उतरला असं. या एका फरकात बाईच्या कामाची आपल्या लेखी काय किंमत आहे ते उघडं पडतं.

कडेवरचं खरं बाळ

आता वाडीकडे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, आणि रायगडात त्यांची वस्ती मोठी. दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या होऊ लागतात. कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळसा पाडायला निघतात, ती शिमग्याच्या सुमाराला किंवा त्याही नंतर परततात. भट्टीवर आई-बाप विटा पाडतात आणि सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढते. तिला बाहुली कुणी दिलेली नाही. तिच्या कडेवर खरं बाळ आहे, ते रडतं, भुकेजतं आणि खाली ठेवता येत नाही. तिचा भाऊ तेवढ्यात गलोल घेऊन झाडीत गेलेला असतो.

खेळण्यांवरच्या चर्चेत ही मुलगी सहसा नसते. गुलाबी आणि निळं हा वाद ज्यांच्याकडे खेळणी आहेत त्यांच्यातला. तिच्या घरी वाटणी झाली आहे ती खेळायच्या वेळेची. मुलाला खेळायला वेळ मिळतो, तिला मिळत नाही. गावातल्या शेतकरी घरातही लावणीच्या दिवसांत हेच घडतं, फक्त कमी काळासाठी. तिला कोणतं खेळणं द्यावं हा विचार करायच्या आधी तिच्या कडेवरचं मूल कोण सांभाळेल, हे ठरवावं लागेल.

हे ज्यांनी फार आधी ओळखलं त्या दोघी मराठी बालशिक्षणाच्या आद्य कार्यकर्त्या होत्या. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि तिथे अनुताई वाघ येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाई-अनुताई शाळाच मुलांकडे घेऊन गेल्या. अंगणात भरणारी ती अंगणवाडी, गुरं चारणाऱ्या मुलांमागे माळावर जाणारी ती कुरणशाळा. आणि विकासवाडी म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन आली की बाळ पाळणाघरात जायचं आणि तिचे दोन्ही हात मोकळे व्हायचे.

खेळण्यांचा प्रश्नही त्यांनी जागच्या जागी सोडवला. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पानं, बांबू यांतून साधनं तयार झाली. शिवाय माँटेसरी पद्धतीत जीवनव्यवहाराला मोठं स्थान आहे: झाडणं, पाणी ओतणं, धान्य निवडणं, बटणं लावणं. ही कामं वर्गातल्या प्रत्येक मुलाने करायची. ज्या काळात मुलाने केरसुणी उचलणं घरात कमीपणाचं मानलं जाई, त्या काळात बालवाडीत मुलगा आणि मुलगी शेजारी-शेजारी झाडत होते. शासनाची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, आहार गेला, लसीकरण गेलं. पाळणाघर मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिलं.

मुलाचं नुकसान

मुलींचं काय हुकतं यावर आपण निदान बोलतो. मुलांचं काय हुकतं ते बोललंच जात नाही. भातुकलीत मुलगी काय करते ते नीट पाहा. चार पाहुण्यांना पुरेल असं वाढते, रुसलेल्याची समजूत घालते, आजारी बाहुलीचं कपाळ चेपते, कोण काय खात नाही ते लक्षात ठेवते. दुसऱ्याची गरज ओळखण्याचा हा सराव आहे. तो मुलाकडून काढून घेतला तर तो तिशीत आयता कुठून येणार?

केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात याचं उत्तर आकड्यांत मिळतं. २०१९ च्या सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के रोज घरातल्या बिनपगारी कामात होत्या, पुरुषांपैकी फक्त २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं भरली, पुरुषाची ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटं थोडी घटली, अंतर जिथल्या तिथे राहिलं. हे अंतर केवळ खेळण्यांमुळे पडतं असं कुणी म्हणणार नाही. पण "हे माझं काम नाही" हे वाक्य माणूस लग्नानंतर शिकत नाही. ते त्याला चौथ्या वर्षी, हातातली बाहुली काढून घेऊन शिकवलेलं असतं.

काय हलतंय, काय हलवता येईल

काही चांगलं घडतंय. २०१९ मध्ये बालभारतीने इयत्ता दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. आई आणि बाबा मिळून पालेभाजी निवडताना दिसले, डॉक्टर बाई दिसली, स्वयंपाक करणारा पुरुष दिसला. टीकाही झाली, पण पुस्तक लाखो घरांत गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' आणला: खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपट्ट्या एकाच पेटीत, सगळ्यांसाठी एकच. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी वर्तमानपत्रं यांतून खेळणी केली आणि ती कशी करायची ते मराठीसह अनेक भाषांत सगळ्यांना खुलं करून दिलं. टाकाऊ वस्तूला मुलगा-मुलगी असा शिक्का नसतो, हा त्या खेळण्यांचा मोठा गुण. परदेशातही हालचाल आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी भेद नसलेला खेळण्यांचा विभाग ठेवणं कायद्याने बंधनकारक झालं.

भिवपुरीत कायद्याची वाट पाहायला नको. अंगणवाडीत खेळणी मुलांसाठी आणि मुलींसाठी अशी न मांडता मिसळून मांडता येतील, आणि वाक्यं जपून बोलता येतील. घरात वाढदिवसाला मुलीला ठोकळे आणि मुलाला भातुकली देता येईल. बाहुली विकत घेणं जड वाटत असेल तर निदान मुलाने उचललेली बाहुली काढून घेऊ नये. बापाने मुलाच्या देखत धाकट्याला अंघोळ घालावी, भाजी निवडावी. मूल बोलण्यापेक्षा पाहून जास्त शिकतं. या दिवाळीत किल्ल्याचा एक बुरूज मुलीच्या ताब्यात द्यावा आणि रांगोळीची एक बाजू मुलाच्या. बिघडली तर बिघडू द्यावी.

वाडीतल्या मुलीसाठी मात्र एवढं पुरणार नाही. तिथे सद्भावना कामाची नाही, व्यवस्था हवी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्चावा असा नियम महाराष्ट्रात आहे. त्या पैशातून शिलाई यंत्रं आणि खुर्च्या येतात. त्यातूनच वाडीला पाळणाघर आणि कामाच्या हंगामात बाळं सांभाळणाऱ्या एखाद्या मावशीचा पगारही निघू शकतो. भट्टीवर मजूर नेणाऱ्या मालकालाही बाळांच्या सोयीबद्दल जाब विचारता येतो. पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि नळाच्या बरोबरीने ही मागणी कागदावर यावी, आणि ती मांडायला बायकांसोबत बापांनीही उभं राहावं. सात वर्षांच्या मुलीला खेळायला वेळ मिळवून देणं हे गावाचं काम आहे, आणि ते गावाने अंगावर घेतलं पाहिजे.